सोबतीच्या तट्टाला नवं घर शोधताना

सोबतीचं तट्टू कुणी मुद्दाम आणतं, तर कुणाकडं ते आपसूक तयार होतं. पोरं लहान असताना हौसेनं घेतलेलं तट्टू असतं. पोरं शिकायला पुण्याला जातात आणि तट्टू गोठ्यात म्हाताऱ्या घोडीशेजारी राहतं. त्याच्यावर कुणी बसत नाही, ते ओझं वाहत नाही. दुसरं जनावर एकटं पडू नये, एवढंच त्याचं काम. मग एक दिवस घोडी जाते, किंवा जमीन विकली जाते, किंवा मालकाचे गुडघे साथ सोडतात आणि घरात विषय निघतो, याला आता द्यायचं कुणाला?

सातारा-सांगली जिल्ह्यांतल्या कोरेगाव, खटाव, तासगाव या पट्ट्यात अशी बरीच तट्टं एका दावणीवरून दुसऱ्या दावणीला जाताना मी पाहिली आहेत, काहींच्या वेळी मध्ये पडलोही आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. नवा माणूस दुष्ट निघाला म्हणून घर चुकतं, असं क्वचितच होतं. तट्टाचा तिथला दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जाणार, कुणाबरोबर जाणार, हे कुणी विचारलेलंच नसतं. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या एकाच प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठी आहे.

द्यायलाच हवं का, हे आधी ठरवा

यावर फार वेळ घालवू नका, पण घरातल्या सगळ्यांना बसवून एकदा बोला. अडचण तात्पुरती असेल, म्हणजे ऑपरेशन, मुलीचं लग्न, दुष्काळातला एखादा उन्हाळा, तर तट्टू काही महिने ओळखीच्या गोठ्यात चारा-पाण्याचा खर्च देऊन ठेवता येतं. अडचण कायमची असेल तर मात्र ती अंगावर येण्याआधी शोध सुरू करा. चांगलं घर मिळायला तीन-चार महिने सहज लागतात. गोठा रिकामा करायची तारीख डोक्यावर आली, की माणूस पहिल्या येणाऱ्याच्या हातात दावं देतो.

तट्टाचा खरा कागद तयार करा

दोन पानांत त्याची सगळी माहिती लिहून काढा. वय, नर की मादी, खच्ची केलंय का, खांद्याच्या उंचवट्यापर्यंतची उंची, रंग, अंगावरच्या खुणा. वय नक्की माहीत नसेल तर डॉक्टरांना दात बघायला सांगा. पाच वर्षांपर्यंत दुधाचे दात पडून पक्के येत असतात, तोवर अंदाज बराच बरोबर येतो. दहाच्या पुढं तो ढोबळच राहतो, आणि कागदावरही तसंच लिहावं. तट्टं चांगली जगतात, पंचवीस-तीस वर्षांची तट्टं दुर्मीळ नाहीत. त्यामुळं 'पंधरा वर्षांचं आहे' याचा अर्थ समोरच्याला नीट सांगा. तो अजून दहा-बारा वर्षांची जबाबदारी घेतोय.

वजन काढायला काटा लागत नाही. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. येईल ते किलोतलं अंदाजे वजन. घेर १३५ आणि लांबी १२५ असेल तर साधारण १९२ किलो. वजन कळलं की चाऱ्याचा हिशेब सांगता येतो. कोरडा चारा दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे या तट्टाला तीन ते चार किलो. घोडा पाळलेला नसतो त्याला वाटतं, तट्टू म्हणजे बैलाएवढं खात असेल. काहींना उलट वाटतं, की ते बांधावर चरून जगेल. दोघांनाही आकडा दाखवला की बोलणं जमिनीवर येतं.

पुढं त्याच्या सवयी आणि खोडी. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि याच भागात लोक हात आखडता घेतात. पाय उचलू देतं का? मागचा उजवा उचलताना लाथ झाडतं का? दाव्याला हिसका मारून सुटतं का? खांब कुरतडून हवा गिळतं का? कुत्र्यांना बुजतं, ट्रॅक्टरला बुजतं, फटाक्यांना बुजतं, काय ते लिहा. एकटं ठेवलं तर किती वेळ ओरडतं तेही लिहा, कारण सोबतीच्या जनावराची सगळी गंमत आणि सगळी अडचण तिथंच असते. आमच्या ओळखीत एक बुटकं पंचकल्याण तट्टू होतं. स्वभावानं गरीब, पण घोडी नजरेआड झाली की दहा मिनिटांत घामानं भिजायचं. मालकानं हे कागदावर पहिल्या ओळीत लिहिलं. ते वाचून तिघं मागं हटले. चौथ्याकडं तीन घोड्या होत्या आणि एकही कधी बाहेर जात नव्हती. तट्टू तिथं गेलं.

अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचा विषय निघणारच. देवमण म्हणजे शुभ भोवरा आहे का, खोटा म्हणजे अशुभ भोवरा आहे का, असं बघणारे आपल्याकडं अजून पुष्कळ आहेत. तुमचा विश्वास असो वा नसो, भोवरे कुठं आहेत ते फोटोसकट आधीच सांगा. घरी नेल्यावर सासऱ्यांनी भोवरा बघितला आणि आठवड्यात तट्टू विकलं, असं व्हायला नको.

डॉक्टर आणि नालबंद

नव्या माणसाला दाखवण्याआधी तट्टू एकदा नीट तपासून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घोड्याचा सराव असलेले डॉक्टर असतीलच असं नाही. मोठी तपासणी लागली तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, सातारा जिल्ह्यातच. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे.

डॉक्टरांकडून दाढांची धार घासून घ्या. दाढांना धार आली की तट्टू चघळलेले बोळे तोंडातून टाकतं आणि खंगत जातं, आणि नव्या घरी त्याचं खापर 'हे खातच नाही' म्हणून तट्टावर फुटतं. जंताचं औषध द्या. धनुर्वाताची लस दिल्याची नोंद ठेवा, घोड्याच्या जातीला धनुर्वात फार पटकन होतो. पावसाळ्यानंतर गोमाश्यांचा त्रास झालेला असेल आणि तट्टू अधूनमधून तापत असेल, रोडावत असेल, तर सर्राची, म्हणजे माश्यांमुळं पसरणाऱ्या रक्तातल्या रोगाची, तपासणी सांगा.

ग्लँडर्सची रक्ततपासणी मात्र टाळू नका. हा रोग घोडा, गाढव, खच्चर यांना होतो आणि माणसालाही होऊ शकतो. कायद्यानं तो कळवावाच लागतो, आणि जनावर बाधित निघालं तर ते ठेवता येत नाही. रक्त डॉक्टर काढतात, तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्याच महिन्यात उरका. आणि ज्यांच्याकडं तट्टू जाणार, त्यांच्या घोड्यांचा अहवालही मागा. मागताना संकोच वाटतो, पण जो माणूस खरंच घोडे सांभाळतो त्याला या मागणीचा राग येत नाही.

तट्टू नर असेल आणि खच्ची केलेलं नसेल तर देण्याआधी ते करून घ्या. सोबतीच्या तट्टाला घोड्यांच्यात मिसळायचं असतं, तिथं खच्ची न केलेला नर दावणीलाच अडकून पडतो. खच्ची केल्यावर निदान सहा आठवडे माद्यांपासून लांब ठेवा, तेवढ्या काळात गाभ राहू शकतो.

नालबंदाकडून वाढलेले खूर तासून घ्या. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासावे लागतात, हे कागदावर लिहा आणि नालबंदाचा पत्ता द्या. सोबतीच्या तट्टाला बहुधा नाल लागत नाहीत, पण खूर वाढायचे थांबत नाहीत.

कुठं विचारायचं

पहिला फोन नालबंदाला करा. कुणाच्या गोठ्यात काय आहे, कुणाची घोडी एकटी पडली, कुणाकडचं जनावर दर वेळी पायात जखमा घेऊन उभं असतं, हे त्याला जेवढं माहीत असतं तेवढं कुणालाच नसतं. दुसरा फोन डॉक्टरांना. तिसरा, घोडेस्वारी शिकवणाऱ्या जागांना. तिथं नवख्या किंवा बुजऱ्या घोड्याजवळ शांत तट्टू लागतं, आणि घोडीपासून तोडलेल्या शिंगराच्या सोबतीला तर असं तट्टू फारच कामाला येतं.

जत्रेत, बाजारात काय करायचं? पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, खरसुंडीला किंवा शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या घोडेबाजारात जरूर जा, माणसं भेटतात, ओळखी निघतात. तट्टू मात्र सोबत नेऊ नका. बाजारात उभं केलेलं जनावर संध्याकाळपर्यंत विकलं जावं असा एक दाब तयार होतो, आणि हेडे, म्हणजे जनावरांचे व्यापारी-दलाल, तो दाब बरोबर ओळखतात. त्यांच्या हातातून ते पुढं कुठं गेलं याचा पत्ता लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं असेल तर मजकूर साधा आणि खरा ठेवा. असा चालेल:

'सोबतीचं तट्टू, मादी, अंदाजे १४ वर्षं, उंची ४४ इंच. बसण्याच्या किंवा ओझ्याच्या कामाचं नाही. दुसऱ्या घोड्याबरोबरच राहतं, एकटं राहत नाही. ज्यांच्याकडं आधी घोडा आहे त्यांनीच फोन करावा. घर बघितल्याशिवाय दिलं जाणार नाही. मध्यस्थ नकोत.'

गावाचं नाव नको, तालुका पुरे. फोटो बाजूनं एक, चारही खुरांचा एक आणि दुसऱ्या जनावराशेजारी उभं असलेला एक. पोरगं पाठीवर बसलेला फोटो टाकू नका. तो बघून येणारे सगळे फोन पोरांना बसवायलाच तट्टू हवं असलेल्यांचे असतात.

कुणाला नाही म्हणायचं

वरातीचा धंदा, जत्रेत पोरांना फिरवायचा धंदा, शर्यतीचा नाद, वीटभट्टीचं ओझं. या कामांतली सगळीच माणसं जनावराशी वाईट वागतात असं मी म्हणणार नाही, जिवापाड जपणारेही त्यात आहेत. पण घोडीशेजारी कडबा खात दिवस काढलेल्या तट्टाला डीजेसमोर उभं राहायला शिकवणं म्हणजे त्याचा छळ आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावावर आणि पाचगणीला टेबललँडवर घोडे फिरवणाऱ्यांचंही तसंच. काही जण पावसाळ्यात आणि म्हातारपणीही घोडा नीट सांभाळतात. तरी हंगामात गर्दी वाढली, की 'जरा हेही लावू या' हा मोह होतोच.

माण-खटावकडच्या मेंढपाळ धनगरांकडं तट्टू देण्याचा विचार बरेच जण करतात, कारण घोड्याची जाण तिथं पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. संसार पाठीवर घेऊन रानोमाळ चालणारी भीमथडी तट्टं त्यांनीच टिकवली. अलीकडं भीमथडीला अधिकृत जात म्हणून मान्यताही मिळाली. माझ्या मनात त्या माणसांबद्दल पूर्ण आदर आहे. पण वाड्याबरोबर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळाबरोबर, रोजचे कोस चालणं हे वाड्यातच वाढलेल्या जनावराचं काम आहे. गोठ्यात बसून सुटलेलं तट्टू त्या वाटेवर टिकत नाही.

'नातवाच्या वाढदिवसाला हवंय' असा फोन आला तर नम्रपणे ठेवून द्या.

फोनवर काय विचारायचं

तुमच्याकडं किती जागा आहे, हे शेवटी विचारा. त्याचं उत्तर सगळेच मोठं देतात. आधी हे विचारा: 'तुमच्याकडचं मागचं जनावर कुठं गेलं?' या एका प्रश्नावर माणूस उघडा होतो. म्हातारं होऊन दावणीलाच गेलं, अमुक डॉक्टर होते, अमुक ठिकाणी पुरलं, असं सांगणारा माणूस वेगळा. 'दिलं एकाला' म्हणून गप्प होणारा वेगळा. त्याला पुढं विचारा, कुणाला दिलं, आता कसं आहे.

मग रोजचं विचारा. सकाळी पहिला चारा किती वाजता पडतो आणि तो कोण टाकतं? घरचं माणूस की गडी? गडी गावी गेला तर? घोडं रात्री कुठं असतं? दुपारी उन्हात कुठं? हल्ली वाई, पाचगणी, कोयनेच्या बाजूला पुण्या-मुंबईच्या लोकांची फार्महाऊसं झाली आहेत. जागा सुंदर, पैसा आहे, हौस खरी आहे. मालक शनिवारी येतो, रविवारी जातो. तट्टू मंगळवारी दुपारी कुणाबरोबर असतं, ते विचारा.

घर बघायला जा, दोनदा जा

पहिल्यांदा कळवून जा, दुसऱ्यांदा 'इकडं आलो होतो' म्हणून जा. जो खरोखर चारा टाकतो त्याला भेटा. बऱ्याच घरांत ती आजी असते किंवा सून असते, आणि फोनवर बोलणारा मालक वेगळाच असतो. तिला तट्टू हवं आहे का, हे तिच्या तोंडून ऐका.

गोठ्यात उभं राहून आधी तिथल्या जनावरांचे खूर बघा, मग दाव्याच्या जागची कातडी, मग पाण्याचा हौद. हौदात हात घालून तळाचा गाळ बघा. घोडी तुम्हाला बघून कान टवकारून पुढं येते की कोपऱ्यात सरकते, ते बघा. कुंपण काटेरी तारेचं असेल तर स्पष्ट बोला. बुजलेलं तट्टू तारेत अडकलं तर पायाचं कातडं सोलून निघतं. बंगल्याभोवती शोभेला कण्हेर लावलेली असते, ती घोड्याला घातक विष आहे. वाळलेली पानंही तशीच विषारी. कण्हेर काढायला तयार नसतील तर ते घर सोडा.

आता चारा. आपला भाग उसाचा. गळीत हंगामात वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्त मिळतं, आणि बैलाला चालतं ते घोड्याला चालेल असं गृहीत धरलं जातं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम अंगी लागू देत नाही. वर गव्हाचा कोंडा जास्त घातला तर आणखी बिघडतं. महिनोन्‌महिने असं खाणाऱ्या घोड्याची तोंडाची हाडं फुगतात, पाय लंगडतात. मुख्य चारा ज्वारीचा कडबा किंवा वाळलेलं गवत हवं, थोडा लसूणघास चालेल. गूळ, काकवी, बादलीभर दाणा हे प्रेमापोटी घातलं जातं आणि तट्टाच्या पायावर येतं. तट्टू मोठ्या घोड्यापेक्षा कमी खाण्यावर अंग धरतं, आणि लठ्ठ तट्टाच्या खुरांच्या आत दाह होतो, ज्याला डॉक्टर लॅमिनायटिस म्हणतात. मग ते पुढचे पाय लांब टाकून, मागच्यांवर भार देऊन उभं राहतं, आणि एकदा झालं की पुन्हा पुन्हा होतं. शेजारी पोल्ट्री असेल तर खाद्याची पोती कुठं ठेवतात ते विचारा. कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिनसारखं औषध असतं, ते घोड्याच्या हृदयावर जातं आणि थोड्यानंही जीव जाऊ शकतो.

हवामानाचा फरक आपल्या दोन जिल्ह्यांत फार मोठा आहे. माण किंवा जत तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार. कोरड्या माळावर वाढलेलं तट्टू पावसाळ्यात तिकडं नेलं तर खुरांच्या तळाला कुज लागते, पाठीवर खपल्या धरतात. तिकडं पाठवायचंच तर दिवाळीनंतर पाठवा, म्हणजे पुढच्या पावसाआधी सहा-सात महिने मिळतात, आणि कोरडी, उंच जमीन असलेला गोठा हवाच. उलट जत-आटपाडीकडं देताना उन्हाळ्यात पाणी कुठून येतं, टँकर की बोअर, हे विचारा. उन्हाळ्यात छोट्या तट्टालाही दिवसाला वीसेक लिटर पाणी सहज लागतं.

आणि घर कृष्णाकाठचं असेल तर पुराचं विचारल्याशिवाय उठू नका. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे काठावरच्या पोरासोरांनाही माहीत आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला जनावरं कुठं हलवली होती, ते विचारा. 'अमुक चुलत्यांच्या मळ्यात, अमुक रस्त्यानं' असं ठोस उत्तर आलं तर तो माणूस पुढच्या पुरातही तट्टू हलवेल.

सोबत जुळते का

घर आवडलं तरी तिथल्या घोड्याचं आणि तुमच्या तट्टाचं जमायला हवं. दोघांना पहिल्या दिवशी एका आवारात सोडू नका. नवं तट्टू आल्यावर दोन-तीन आठवडे वेगळं, पण एकमेकांना दिसेल असं ठेवायचं. पाणी, बादल्या, खरारा वेगळे. यात रोगराईचीही खातरी होते आणि ओळखही होते. मग कुंपणाच्या दोन बाजूंनी नाकाला नाक लावू द्या. किंकाळणं, पुढचा पाय आपटणं हे होणारच, त्याला घाबरू नका. कान मागं चिकटवून ढुंगण वळवून लाथा सुरू झाल्या तर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मोकळ्या रानात एकत्र सोडताना मागच्या पायांचे नाल काढलेले असावेत. चाऱ्याचे ढीग जनावरांपेक्षा एक जास्त ठेवा आणि लांब लांब ठेवा, म्हणजे हाकललेल्याला जायला जागा राहते. कोपरा असा नको, जिथं तट्टू कोंडलं जाईल. तासभर कुणीतरी तिथं उभं राहा. दोघं शेजारी उभं राहून एकमेकांची आयाळ, खांदे कुरतडायला लागली, की जमलं म्हणायचं.

म्हाताऱ्या, शांत जनावराशेजारी तरुण मस्तीखोर तट्टू नको, आणि उलटही नको. गाय, शेळी, गाढव यांच्याबरोबरही काही तट्टं छान राहतात. तरी मिळत असेल तर घोड्याच्या जातीचीच सोबत बघा.

मागं कोण राहतंय?

हे हमखास विसरलं जातं. तट्टू जाणार आणि तुमची घोडी मागं राहणार असेल, तर तिची सोय आधी करा, तट्टू नंतर हलवा. आधीपासून दोघांना रोज थोडा वेळ लांब ठेवायची सवय लावा, पहिल्यांदा पाच मिनिटं, मग वाढवत न्या. चारा पुढं असतानाच लांब करा. तट्टाला गाडीत चढवताना घोडी समोर बांधलेली नको. त्या रात्री गोठ्यात माणूस हवा. एकटी पडलेली घोडी दावं तोडून रस्त्यावर येते, कुंपणाला धडकते, खायचं सोडते. दुसरा घोडा लगेच मिळत नसेल तर तोवर शेजारी शेळी बांधा.

पैसे आणि कागद

फुकट द्यावं की नाही यावर मतं दोन आहेत. माझं मत, थोडे तरी पैसे घ्यावेत, हवे तर मागाहून त्याच्याच चाऱ्याला परत द्यावेत. फुकट मिळालेलं जनावर नफ्यासाठी लगेच पुढं विकणारे आहेत. पण जास्त बोली लावणाऱ्याला द्यायचं, असंही करू नका. पैसे देणारा हात आणि चारा टाकणारा हात एकच असेल याची खातरी नसते.

दुसरा मार्ग सांभाळायला द्यायचा, मालकी आपल्याकडं ठेवून. खर्च कुणाचा, मोठं आजारपण आलं तर कुणाचा, हे त्यात आधी ठरवावं लागतं. तट्टू पुढं कुठं विकलं जाईल याची फार धास्ती असेल तर हाच मार्ग धरा. पहिलं वर्ष असं देऊन मग मालकी बदलली, हेही चांगलं.

काहीही ठरलं तरी मुद्रांकावर लिहून घ्या, दोन साक्षीदार घ्या. त्यात इतकं असावं: तट्टाचं वर्णन आणि फोटो, ते सोबतीसाठीच दिलं आहे, बसायला, ओझ्याला, शर्यतीला, भाड्यानं लावणार नाही, ते एकटं ठेवणार नाही, विकायचं, द्यायचं झालं तर आधी आम्हाला विचारणार आणि आम्ही परत नेऊ शकू, आम्हाला कळवून भेटायला येता येईल, डॉक्टरांनी दयामरण सुचवलं तर, तातडी नसल्यास, आम्हाला फोन करणार. जनावराला उपाशी-तहानलेलं सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० खाली गुन्हा आहे. पण त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड फक्त १० ते ५० रुपये आहे, म्हणून भरवसा आपल्या कागदावर आणि माणसाच्या शब्दावर ठेवावा लागतो.

नेण्याचा दिवस

वाहतुकीसाठी डॉक्टरांचा प्रवासयोग्यतेचा दाखला लागतो, तो गाडीत ड्रायव्हरजवळ ठेवा. पिकअप भाड्यानं घ्या, छोटा हत्ती छोट्या तट्टालाही अरुंद पडतो. पाटा लावून चढवायचा हट्ट करू नका. गाडीची मागची बाजू शेताच्या बांधाला लावा, बांध आणि गाडीचा तळ एका पातळीत आले की तट्टू पाऊल टाकून आत जातं. शक्य असेल तर आठवडाभर आधी रिकामी उभी गाडी दाखवा, आत दाणा ठेवा, चढवा, उतरवा. तळाला वाळू आणि वर भाताचा पेंढा टाका, पाय घसरला नाही की निम्मी भीती जाते. कडेला पोती भरून बांधा. दावं इतपत ढिलं, की मान खाली-वर करून तोल सांभाळता येईल, पण पाय अडकणार नाही. गुंगीचं औषध डॉक्टरांनी स्वतः दिल्याशिवाय नको.

पहाटे निघा. पसरणी घाट किंवा खंबाटकी दुपारच्या उन्हात नको. ड्रायव्हरला वळणावर आणि ब्रेकला सावकाश राहायला सांगा, आणि ओळखीचं माणूस मागून गाडीवर येऊ द्या.

बरोबर त्याचा दहा दिवसांचा कडबा, नेहमीचं दावं, तोबरा, झूल, खरारा द्या. नवा चारा जुन्यात थोडा थोडा मिसळत आठ-दहा दिवसांत बदलायचा.

पहिले आठवडे

त्या रात्री आणि पुढचे दोन-तीन दिवस लीद मोजायला सांगा. दिवसातून आठ-दहा वेळा लीद पडते. लीद थांबली, तट्टू कुशीकडं वळून बघतंय, जमीन खुरडतंय, लोळतंय, तर ती पोटदुखी. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून वाट बघायची नाही, तेल पाजायचं नाही, लगेच डॉक्टर. सुदृढ तट्टाच्या अंगाचं तापमान ९९ ते १०१ फॅरनहाइट आणि नाडी मिनिटाला तीस ते पंचेचाळीसच्या आसपास, हे कागदावर लिहून द्या.

पहिल्या आठवड्यात रोज फोन करा, पण भेटायला लगेच जाऊ नका, तट्टाला नव्या माणसाचा हात लागू द्या. महिन्यानं जा. मग पहिल्या पावसाळ्यात एकदा जा आणि खूर उचलून तळ बघा. काळं पाणी, घाण वास असेल तर तिथल्या तिथं बोला.

कुठंच घर मिळालं नाही तर? सांगली-सोलापूर भागात कष्टाच्या जनावरांसाठी काम करणारी अ‍ॅनिमल राहत ही संस्था आहे, त्यांचा सल्ला घेता येतो. पांजरपोळ बहुतेक गाई-बैलांसाठी असतात, घोड्याची समज तिथं असेलच असं नाही, बघून ठरवा. तट्टू फार म्हातारं असेल, दात गेले असतील, पाय कायमचे दुखत असतील, तर नवं घर शोधून त्याला शेवटच्या वर्षी प्रवास घडवण्यापेक्षा ओळखीच्या गोठ्यात, डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणं ही दयाच आहे. हे बोलायला जड जातं, पण डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला.

आणि परत आणायची वेळ आली तर काय, हेही आधीच ठरवून ठेवा. गाडीचं भाडं कोण देणार, तट्टू कुठं उभं राहणार, त्याच्या शेजारी कोण असणार. करारात 'परत घेऊ' लिहिलं असेल तर गोठ्यातली एक जागा निदान वर्षभर मोकळी ठेवा.